कारण कोठे लिहून ठेवावे? प्रोग्रामच्या टिपणांचा इतिहास

१/ प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मनात प्रत्येक ओळीमागे एक कारण असते : हाच मार्ग का घेतला, दुसरा का सोडला. संगणकाला त्या कारणाशी कर्तव्य नसते. त्याला फक्त आज्ञा हवी असते. कारण लागते ते मागाहून येणाऱ्या माणसाला. मग ते कोठे लिहून ठेवावे? या साध्या प्रश्नाचे उत्तर गेल्या साठ वर्षांत अनेकदा बदलले. त्याचा हा धागा.

२/ ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यासाठी ‘ओएस/३६०’ ही प्रचंड कार्यप्रणाली लिहिली जात होती आणि तिची धुरा फ्रेडरिक ब्रुक्स यांच्याकडे होती. प्रत्येक प्रोग्रामरला संपूर्ण प्रकल्पाची माहिती असावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी सर्वांना एकच ‘प्रकल्प-वही’ देण्यात आली.

३/ सहा महिन्यांत ही वही सुमारे पाच फूट जाड झाली. रोज सरासरी दीडशे बदललेली पाने येत. जुनी काढून नवी जागच्या जागी लावण्यातच प्रत्येकाच्या दिवसाचा मोठा भाग जाऊ लागला. अखेर कागद सोडून मायक्रोफिशवर, म्हणजे अतिसूक्ष्म छपाईच्या फिल्मवर, वही उतरवली गेली. खर्च वाचला, जागाही वाचली.

४/ पण एक गोष्ट हरवली. पाने हाताने लावताना बदलांवरून नजर फिरत असे. फिल्म आल्यावर ती सक्ती उरली नाही. माहिती हाताशी असणे आणि ती वाचली जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ब्रुक्स यांनी तेव्हाच ओळखले होते.

५/ १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात त्यांनी याहून मूलभूत मुद्दा मांडला. एकच माहिती दोन स्वतंत्र ठिकाणी ठेवून ती कायम जुळती राहील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. प्रोग्राम एका फायलीत आणि त्याचे वर्णन दुसऱ्या कागदावर असेल, तर दोहोंत अंतर पडणारच. म्हणून वर्णन प्रोग्रामच्या पोटातच असावे.

६/ याचा उत्तम पुरावा चांद्रमोहिमेत सापडतो. अपोलो ११ च्या चांद्रयानाचा प्रोग्राम एमआयटीच्या प्रयोगशाळेत लिहिला गेला. त्याच्या छापील प्रतीत आज्ञांच्या शेजारीच टिपा आहेत. दोन आज्ञांपाशी तर ‘हे तात्पुरते असावे’ अशी आशाही नोंदलेली दिसते! टिपा आज्ञांना चिकटून राहिल्या, म्हणूनच त्या आज आपल्याला वाचता येतात.

७/ बेल लॅब्समध्ये वेगळी परंपरा घडली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या ‘युनिक्स’ची पहिली नियमपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. ती वापरणाऱ्यांसाठी होती, पण तिच्या रचनेत एक शिस्त होती. प्रत्येक आज्ञेच्या नोंदीत ज्ञात दोषांना स्वतंत्र जागा होती आणि त्या आज्ञेचा ‘धनी’ कोण, हेही लिहिलेले असे. टिपणाला वाली हवा, हा धडा येथे मिळतो.

८/ १९८४ साली डोनल्ड नुथ यांनी सारा विचारच उलटा केला. प्रोग्राममध्ये टिपा घालण्याऐवजी निबंध लिहावा आणि त्या निबंधातच प्रोग्राम गुंफावा! त्यांच्या ‘वेब’ पद्धतीत एकाच मूळ फायलीतून माणसासाठी ग्रंथ निघे आणि संगणकासाठी प्रोग्राम निघे. त्यांचा ‘टेक’ हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम १९८६ मध्ये असा सलग ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पण इतके रसाळ गद्य लिहिण्याची तयारी फार थोड्यांची होती.

९/ म्हणून पुढे मधला मार्ग निघाला. १९९४ च्या ‘पर्ल ५’ मध्ये आणि लवकरच ‘जावा’मध्ये, ठरावीक खुणांनी लिहिलेल्या टिपांतून संदर्भपुस्तिका आपोआप तयार होऊ लागली. अंतर घटले, तरी मिटले नाही. ओळ बदलावी आणि शेजारची टीप तशीच राहावी, हे आजही घडते. शिवाय अशा टिपा ‘काय’ ते सांगतात. ‘का’ ते बहुधा सांगत नाहीत.

१०/ २५ मार्च १९९५ रोजी वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली ‘विकी’ खुली केली. तीही प्रोग्रामरांच्याच विचारविनिमयासाठी होती. कोणीही लिहावे, कोणीही सुधारावे, या सोयीमुळे अनेक कंपन्यांची अंतर्गत टिपणे विकीवर गेली. पण दोन फायलींचा जुना प्रश्नही परत आला. प्रोग्राम बदलला, याची वर्दी विकीच्या पानाला कोण देणार?

११/ २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ घडवले. अशा आवृत्ती-व्यवस्थेत प्रत्येक बदलासोबत कर्त्याचे नाव, वेळ आणि कारण नोंदवता येते. २०११ मध्ये मायकल नायगार्ड यांनी सुचवले की, रचनेविषयीचे महत्त्वाचे निर्णय छोट्या, क्रमांकित टिपणांत लिहून प्रोग्रामच्याच भांडारात ठेवावेत. निर्णय बदलला तरी जुने टिपण पुसू नये. ‘आता लागू नाही’ एवढीच खूण करावी.

१२/ या इतिहासातून एक वाटणी सुचते. ओळीचे मर्म ओळीशेजारी ठेवावे. बदलाचे कारण बदलाच्या नोंदीत असावे. मोठ्या निर्णयांची टिपणे भांडारात राहावीत. अनेक प्रकल्पांना सामाईक असलेली माहिती विकीवर जावी. मात्र तिथेही प्रत्येक पानाला धनी नेमलेला असावा.

१३/ इतिहासाचे अभ्यासक मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा घटनेच्या वेळच्या पत्राला अधिक मोल देतात, कारण ते पत्र घटनेच्या निकट असते. प्रोग्रामच्या टिपणालाही हीच कसोटी लागू पडते. लिहिणारा नोकरी सोडून जातो, स्मृती पुसट होते, प्रोग्राम मात्र चालूच राहतो. त्या दिवशी नव्या माणसाला कारण सापडले नाही, तर तो घाबरून त्या ओळीला हात लावत नाही, किंवा न समजता ती मोडून टाकतो.