मनोऱ्यांवरील अँटेनांचे तडितसंरक्षण

मनोऱ्यांवरील अँटेनांचे तडितसंरक्षण म्हणजे रेडिओ मनोऱ्यांवरील अँटेना, केबल व त्यांना जोडलेली यंत्रसामग्री यांचा आकाशातील विजेपासून आणि साठणाऱ्या स्थिर विद्युतभारापासून बचाव करण्याची व्यवस्था होय. वीज पडू न देणे हा तिचा हेतू नसून, पडलेल्या विजेला जमिनीत जाण्यासाठी ठरावीक मार्ग देणे हा आहे.

धोक्याचे स्वरूप

विजेच्या आघातातील प्रवाह साधारणतः ३०,००० अँपिअर असतो व तो काही मायक्रोसेकंदांतच शिखरावर पोहोचतो. त्यामुळे तारेच्या रोधापेक्षा तिची प्रवर्तकता अधिक महत्त्वाची ठरते. सरळ तारेची प्रवर्तकता दर मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री असते. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १०,००० अँपिअरने वाढल्यास १ मीटर तारेच्या दोन टोकांत १०,००० व्होल्टचा दाब निर्माण होतो. म्हणून भूसंपर्काच्या तारा आखूड, रुंद पट्टीच्या व तीव्र वळणे नसलेल्या ठेवतात.

वीज प्रत्यक्ष न पडताही धूळ, पाऊस किंवा हिम यांच्या भारित कणांमुळे अँटेनावर विद्युतभार साठतो. त्यामुळे ग्राहीत खरखर ऐकू येते आणि त्यातील नाजूक अर्धवाहक घटक निकामी होऊ शकतात.

मध्यम लहरींचे मनोरे

मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात बहुधा संपूर्ण मनोराच अँटेनाचे काम करतो. १,००० किलोहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीचा मनोरा सुमारे ७५ मीटर उंच असतो. असा मनोरा अनेकदा चिनी मातीच्या निरोधकावर उभा असल्याने थेट जमिनीला जोडता येत नाही. त्याच्या संरक्षणासाठी पुढील उपाय योजतात:

• स्पार्क गॅप : निरोधकाला समांतर बसवलेल्या दोन धातुगोलांमधील फट. दाब वाढताच तेथे ठिणगी पडून प्रवाह जमिनीत जातो. प्रक्षेपकाच्या शक्तीने ही ठिणगी पेटती राहू नये म्हणून प्रक्षेपण क्षणभर आपोआप खंडित केले जाते.
• चोक : ही गुंडाळी स्थिर विद्युतभार सतत जमिनीत सोडते, परंतु रेडिओ कंप्रतेचा प्रवाह अडवते.

केबल व इमारत

भूसंपर्कित मनोऱ्यावर कोअॅक्सियल केबलचे बाह्य आवरण मनोऱ्याच्या माथ्याशी, पायथ्याशी आणि इमारतीच्या प्रवेशस्थानी भूसंपर्कित करतात. प्रवेशस्थानी वायुनलिकेचे सर्ज अरेस्टर बसवतात. मनोरा, इमारत व वीजपुरवठा यांचे भूसंपर्क परस्परांना जोडणे अत्यावश्यक असते. ते वेगळे राहिल्यास त्यांच्यातील दाबाचा फरक उपकरणांमधून वाट काढतो. त्या वेळी उपकरणाला स्पर्श करणाऱ्या व्यक्तीच्या जीवितासही धोका असतो.

देखभाल

गंजलेले सांधे व सैल जोडण्या ही संरक्षण निष्फळ ठरण्याची नेहमीची कारणे आहेत. महाराष्ट्रात वळवाच्या व परतीच्या पावसात विजांचे प्रमाण अधिक असल्याने भूसंपर्काची तपासणी व रोधमापन त्यापूर्वी करणे हितावह ठरते. गडगडाट सुरू असताना मनोऱ्यावर चढणे किंवा केबल हाताळणे धोकादायक असते.