धर्मसंस्थांची खासगी विद्यापीठे : शिक्षणाचा खर्च कसा ठरतो?

पेडणे व डिचोली तालुक्यांतील विद्यार्थ्यांना बारावीनंतर विर्नोडा येथील संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालय, साखळीचे सरकारी महाविद्यालय किंवा म्हापशाचे सेंट झेवियर्स महाविद्यालय असे जवळचे पर्याय उपलब्ध असतात. राज्याबाहेरील धर्मसंस्थांच्या खासगी विद्यापीठांचा पर्याय मात्र पालकांच्या आर्थिक क्षमतेची परीक्षा पाहणारा असतो.

शुल्कातील तफावतीचे कारण

संस्था कोणत्या धर्माची, यापेक्षा प्राध्यापकांचे वेतन कोण देते यावर शुल्क प्रामुख्याने अवलंबून असते. १९६३ साली स्थापन झालेले म्हापशाचे सेंट झेवियर्स ख्रिस्ती संस्थेचे असले, तरी ते गोवा विद्यापीठाशी संलग्न व अनुदानित आहे. अनुदानित अभ्यासक्रमांच्या वेतनाचा भार शासन उचलत असल्याने तेथील शुल्क आटोक्यात राहते. बंगळुरूचे ख्राईस्ट (महाविद्यालय १९६९, अभिमत दर्जा २००८) किंवा माता अमृतानंदमयी मठाचे अमृता विश्व विद्यापीठम (अभिमत दर्जा २००३) यांसारख्या खासगी विद्यापीठांचा डोलारा मुख्यत्वे विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभा असतो.

विनाअनुदानित संस्थांना शुल्क ठरविण्याची मुभा असली, तरी नफेखोरी व कॅपिटेशन शुल्क घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै प्रकरणी ३१ ऑक्टोबर २००२ रोजी स्पष्ट केले. धर्मादाय हेतूने स्थापन झालेल्या संस्थाही यास अपवाद नाहीत.

खरा आकडा

माहितीपत्रकातील पहिल्या वर्षाचे शुल्क म्हणजे एकूण खर्च नव्हे. उदाहरणादाखल, पहिल्या वर्षी दोन लाख रुपये शुल्क असून ते दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढल्यास चार वर्षांची बेरीज आठ लाखांवर थांबत नाही. ती सुमारे ८ लाख ६२ हजारांवर जाते. वसतिगृह, भोजन, अनामत रक्कम, परीक्षा शुल्क व प्रवास यांचा खर्च वेगळाच. म्हणून संपूर्ण अभ्यासक्रमाचे वर्षवार शुल्क व वाढीची अट लेखी स्वरूपात मागून घेणे हिताचे ठरते.

साहाय्य आणि परतावा

गोवा शिक्षण विकास महामंडळ गोमंतकीय विद्यार्थ्यांसाठी बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना राबविते. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदाराविना कर्ज मिळू शकते. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या पात्र कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, परतफेड सुरू होण्यापूर्वीच्या काळात, तीन टक्के व्याजसवलत आहे. संस्था या यादीत आहे किंवा नाही, हे प्रवेशापूर्वीच तपासावे.

प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत करण्याचे टप्पे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेत ठरवून दिले आहेत. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यासही आयोगाची मनाई आहे.

निर्णयापूर्वी

२०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली परिसरातील अनेक कुटुंबांचे उत्पन्न अचानक थांबले. मुलांच्या शुल्काचे हप्ते मात्र अशा वेळी थांबत नसतात. म्हणूनच पहिल्या वर्षाची तजवीज झाली म्हणून प्रवेश निश्चित करण्यापेक्षा, शेवटच्या वर्षाचे शुल्क कोठून येणार याचे उत्तर आधी शोधणे शहाणपणाचे होय.