गळ्यातली ग्रंथी आणि चिमूटभर मीठ

सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, थायरॉइडची गोळी घेणारी एखादी मावशी किंवा वहिनी आपल्या ओळखीत असतेच. या गोळीतले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा द्रव्यावर शरीराची ऊब, नाडीची गती आणि मनाची उभारी अवलंबून असते, हे माणसाला कळले कसे? ती हकिगत मला आज सांगायची आहे, आणि तिची सुरुवात एका यशस्वी शस्त्रक्रियेपासून होते.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी थिओडोर कोखर नावाचे शल्यविशारद होते. आल्प्सच्या खोऱ्यांत गलगंडाचे रुग्ण पुष्कळ. गळ्याला भलीमोठी गाठ आणि श्वास कोंडलेला. ती कापायला जावे तर रक्तस्रावाने रुग्ण दगावायचा, म्हणून बहुतेक शल्यविशारद तिच्या वाटेला जात नसत. कोखरांचा हात सावकाश, नेमका आणि कमालीचा स्वच्छ. त्यांचे रुग्ण जगू लागले. अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, ते कधी कधी संपूर्ण काढून टाकीत. ती शरीरात कशासाठी असते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

१८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी अशीच काढली. जखम छान भरली, मुलगी घरी गेली. पुढे तिच्या डॉक्टरांकडून कळले, की मुलगी पार बदलली आहे. ती मंद झाली, सुस्त झाली. कोखरांनी आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा तपासणीसाठी बोलावले. ग्रंथी पूर्ण काढलेल्या १८ जणांपैकी १६ जणांची हीच अवस्था होती. सुजलेला चेहरा, थंडगार हातपाय, अडखळती वाणी. त्या मुलीची तर वाढच थांबली होती. धाकटी बहीण तिच्यापेक्षा उंच झाली होती. १८८३ मध्ये कोखरांनी हे सारे स्वतःच प्रसिद्ध केले आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी यापुढे काढायची नाही असे जाहीर केले. जिनिव्हाच्या रेव्हर्दाँ यांनीही १८८२ मध्ये असेच निरीक्षण मांडले होते. कोखरांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मला मात्र त्या पारितोषिकापेक्षा १८८३चा तो निबंध मोठा वाटतो. आपल्या हातून बिघडलेली माणसे शोधून, मोजून, जगापुढे मांडणारे वैद्य फार नसतात.

काढल्यावर हे होते, तर परत दिल्यावर काय होईल? इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये ते करून पाहिले. मेंढीच्या थायरॉइडचा अर्क त्यांनी ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. तिची ग्रंथी निकामी झाली होती. काही महिन्यांत सूज उतरली, बोलणे सुधारले, अंगात ऊब आली. ती बाई त्यानंतर २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिला ८७०हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! आज त्या जागी एक पांढरी गोळी आहे.

या ग्रंथीला नळी नाही. लाळेच्या ग्रंथीचा रस नळीतून तोंडात येतो. हिचा रस सरळ रक्तात मिसळतो आणि डोक्यापासून पायापर्यंत सर्वत्र पोचतो. अशा निरोप्या द्रव्यांना लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. चेतवणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. आपण संप्रेरक म्हणतो, आणि हा शब्दही तितकाच नेमका आहे.

आता यातली खरी गंमत पाहा. थायरॉइड आपल्या मनाने चालत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी आहे. रक्तातले थायरॉइडचे संप्रेरक कमी झाले की ती आपले संप्रेरक सोडून थायरॉइडला ढोसते. पुरेसे झाले की हात आखडता घेते. घरातली जाणती बाई आच कमीजास्त करते, तसेच. पण थायरॉइडच्या संप्रेरकाला कच्चा माल लागतो आयोडीनचा. या ग्रंथीत आयोडीन असते हे जर्मनीच्या बाउमान यांनी १८९५-९६ मध्ये दाखवले. आयोडीन मिळाले नाही तर संप्रेरक बनत नाही, पिट्युटरी ढोसत राहते, आणि बिचारी ग्रंथी राबून राबून फुगते. तोच गलगंड. पहाडी प्रदेशात बर्फ आणि पाऊस मातीतले आयोडीन धुऊन नेतात, म्हणून तो आल्प्समध्ये होता आणि आपल्या हिमालयातही.

हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोरे आहे. तेव्हा ते पंजाबात होते. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मोठा प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले, मधल्याला साधे. काही वर्षांत त्या दोन विभागांत गलगंड झपाट्याने घटला, साध्या मिठाच्या विभागात तो तसाच राहिला. मग त्यांनाही आयोडीनचे मीठ दिले. त्या मधल्या लोकांनी इतकी वर्षे वाट का पाहावी, हा प्रश्न मला आजही टोचतो. पण त्या तुलनेवाचून सरकारला पटवणे अवघड होते, हेही खरे. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

प्रश्न केवळ गळ्याच्या गाठीचा नव्हता. गर्भातल्या बाळाचा मेंदू आईच्या थायरॉइडवर वाढतो. आईला आयोडीन कमी पडले तर मूल मतिमंद किंवा मूकबधिर होऊ शकते, आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गरोदर बाईला २५०. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तर सगळे मिळून सुमारे चार ग्रॅम!

तरीही आपल्याकडे या मिठावरून वाद झाले. खाण्यासाठी साधे मीठ विकायला १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये ती उठली, २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. छोट्या मिठागरवाल्यांच्या पोटाचा मुद्दा खोटा नव्हता, आणि मिठाशी आपले नाते भावनेचेही आहे. मात्र समुद्राचे खडे मीठ म्हणजे भरपूर आयोडीन, ही समजूत बरोबर नाही. मीठ तयार होताना त्यात आयोडीन नाममात्रच उरते. गलगंड फक्त डोंगरातला, हेही खरे नाही. महाराष्ट्रातल्या पाहण्यांतही तो आढळला आहे. घरात आयोडीनचे मीठ आणले असेल तर बरणीला घट्ट झाकण ठेवा आणि ती चुलीपासून दूर, कोरड्या जागी ठेवा. ओल आणि उष्णता लागली की त्यातले आयोडीन हळूहळू कमी होत जाते.