रहीम मास्तरांचे चढाईचे फुटबॉल

भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ १९५१ ते १९६२ असा अवघ्या बारा वर्षांचा. त्याचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. १९०९ मध्ये हैदराबादेत जन्मलेल्या या उस्मानियाच्या पदवीधराने १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघ हाती घेतला. या संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या भारतीय संघाने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळवले.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले अनेक खेळाडू अनवाणी होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. पण दोष केवळ पायांत नव्हता. आपल्याकडचे बहुतेक संघ अजून जुन्या २-३-५ मांडणीने खेळत. बचावाला दोन, मध्ये तीन आणि पुढे पाच. युरोप केव्हाच पुढे गेला होता.

नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ ने हरवले. हंगेरीचा मधला आघाडीवीर हिदेगकुटी पुढे न थांबता मागे सरकून खेळला. त्याच्यावर नेमलेला बचावपटू पेचात पडला. मागे जावे तर गोलसमोर खिंडार, जागेवर थांबावे तर हिदेगकुटी मोकळा. हिदेगकुटीने तीन गोल केले. याच वाटेने पुढे ४-२-४ ही मांडणी आली. १९५८ मध्ये ब्राझीलने तिच्या बळावर विश्वचषक जिंकला.

रहीम मास्तरांनी हंगेरीच्या खेळाचा हा धडा ब्राझीलच्या विजयापूर्वीच आपल्या पोरांना शिकवायला घेतला. चेंडू पायात घोळवत बसू नये, पहिल्याच स्पर्शात साथीदाराकडे द्यावा, दोन्ही पायांनी खेळता यावे, अशी त्यांची शिस्त होती. मांडणी कागदावर कोणीही काढील. अकरा जणांच्या अंगी ती मुरवणे हे मास्तराचे काम.

त्याचे फळ १९५६ मध्ये मेलबर्नला दिसले. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ ने हरवले. त्यांपैकी तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच. तो सामना भारताने १-४ ने गमावला, पण नऊ गोलांचा तो जुना फरक आता उरला नव्हता. भारत चौथा आला.

१९६२ च्या जकार्ता स्पर्धेत मास्तर कर्करोगाने आजारी होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ ने गेला. पुढे बचावपटू जर्नेल सिंग डोक्याला जखम होऊन टाके पडलेल्या अवस्थेत होता. मास्तरांनी त्याला चक्क आघाडीवर खेळवले. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. पी. के. बॅनर्जीच्या साथीने त्याच कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक आले. जून १९६३ मध्ये मास्तर गेले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेले नाही.

४-२-४ ची एक उणीव होती. मधल्या फळीत दोनच माणसे. चेंडू हातचा गेला की प्रतिस्पर्ध्याला तिथे रान मोकळे. ही जागा बंद करायची तर आघाडीवीरांनीच ताबडतोब चेंडूवर तुटून पडायला हवे. आज ज्याला प्रेसिंग म्हणतात, ते हेच. ते शास्त्र साठ-सत्तरच्या दशकांत कीव्हच्या व्हिक्टर मास्लोव्ह आणि आयॅक्सच्या रिनुस मिशेल्स यांनी घडवले. अभिमानाच्या भरात ते मास्तरांच्या नावावर घालू नये. त्यांच्या पदरात स्वतःचे पुरेसे आहे.

२०२४ मध्ये ‘मैदान’ चित्रपट आला आणि रहीम हे नाव नव्या पिढीच्या कानावर पडले. ते आपल्यातले होते, हे आपण कौतुकाने सांगतो, सांगावेही. पण मुलांना सांगताना दिल्ली आणि जकार्ताच्या सुवर्णांबरोबर हेलसिंकीचे ते दहा गोलही सांगावेत. मास्तरांचा खरा अभ्यास त्यानंतर सुरू झाला होता.