भारतीय कुस्तीतील राष्ट्रीय निवडचाचणी : एक ऐतिहासिक मागोवा (१९२० ते २०२४)

प्रस्तावना

कुस्ती हा या देशातील प्राचीन क्रीडाप्रकार असला, तरी ‘राष्ट्रीय संघ’ ही संकल्पना कुस्तीच्या दृष्टीने अगदी अलीकडची आहे. मल्ल एकटा लढतो. त्याची हार-जीत आखाड्यात सर्वांसमक्ष ठरते. त्यामुळे क्रिकेट वा हॉकीप्रमाणे निवड समितीच्या मर्जीला येथे फारसा वाव नसावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात मात्र भारतीय कुस्तीच्या इतिहासातील सर्वांत कडवट वाद आखाड्यातील निकालांवरून झालेले नाहीत, तर आखाड्यात उतरण्याचा अधिकार कोणाचा यावरून झालेले आहेत. प्रस्तुत लेखात निवडचाचणीच्या पद्धतीची जडणघडण आणि तिच्याभोवती निर्माण झालेले प्रमुख संघर्ष यांचा विचार केला आहे.

जोड, आव्हान आणि राजाश्रय

संस्थानी काळात मल्लाची पात्रता ठरविण्याची रीत वेगळी होती. तालमीतील वस्ताद आपल्या पठ्ठ्याची तयारी जोखत असे आणि फडाचे पंच वय, अंगकाठी व नावलौकिक पाहून ‘जोड’ लावत. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय आणि १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान ही या व्यवस्थेची ठळक उदाहरणे होत. या पद्धतीत वजनगट नव्हते, गुण नव्हते. कुस्ती निकाली असे. प्रतिस्पर्धी चितपट झाला की प्रश्न मिटला. एखाद्या मल्लाला आपणास डावलले असे वाटले, तर तो जाहीर आव्हान देऊ शकत असे. आव्हान न स्वीकारणाऱ्याची अब्रू जात असे, हाच त्या व्यवस्थेतील अपिलाचा मार्ग होता. पुढील शंभर वर्षांच्या वादांत ‘समोरासमोर लढवा आणि ठरवा’ ही जी मागणी वारंवार ऐकू येते, तिचे मूळ या आव्हानाच्या परंपरेत आहे.

ऑलिंपिक चळवळीशी भारताचा संघटित संबंध पुण्यातूनच जुळला. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९१९-२० मध्ये एक समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीनुसार १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी चार धावपटू व दोन मल्ल निवडण्यात आले. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे ते दोन मल्ल. शिंदे यांनी फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळविला. कांस्यपदक थोडक्यात हुकले. मातीत घडलेल्या मल्लाची ही कामगिरी लक्षणीय होती. पुढे १९२४ मध्ये दिल्ली येथे अखिल भारतीय ऑलिंपिक स्पर्धा भरविण्यात आल्या आणि १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. राष्ट्रीय स्पर्धेतून प्रतिनिधी निवडण्याचे तत्त्व अशा रीतीने रूढ झाले.

खाशाबा जाधव : दोन दरवाजे

या तत्त्वाची पहिली खरी कसोटी खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या निमित्ताने लागली. १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर येथे जन्मलेले खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलचे व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळविले. त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. गादीवरील कुस्तीचे नियम त्यांनी खऱ्या अर्थाने तेथेच आत्मसात केले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वी मात्र निवडीचाच प्रश्न उभा राहिला. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपणास जाणूनबुजून एक गुण कमी देण्यात आला आणि त्यामुळे आपली निवड हुकली, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. हा प्रसंग बहुधा ‘क्रीडाप्रेमी राजाची कृपा’ म्हणून सांगितला जातो. परंतु महाराज यादविंद्रसिंह हे त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. खाशाबांनी राजाच्या पायाशी गाऱ्हाणे घातले नाही. सर्वोच्च क्रीडाधिकाऱ्याकडे अपील केले. महाराजांनी कागदावरील गुणांची फेरतपासणी केली नाही, तर पुन्हा चाचणी घडवून आणली. खाशाबांनी बंगालचे निरंजन दास यांना पराभूत करून आपली जागा मिळविली. या घटनाक्रमाचा तपशील निरनिराळ्या चरित्रकथनांत थोडाफार वेगळा आढळतो, कारण तो मुख्यतः नंतरच्या आठवणींवर उभा आहे. पण अन्यायाची तक्रार, अपील आणि फेरचाचणी हा गाभा सर्वत्र समान आहे.

निवड झाली तरी दुसरा दरवाजा बंदच होता. प्रवासाला पैसे नव्हते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. महाविद्यालयीन अध्यापकवर्गाच्या इतिहासात ही नोंद अभिमानाने जपावी अशी आहे. आजच्या चर्चेत पात्रता म्हणजे केवळ चाचणी जिंकणे असे गृहीत धरले जाते. १९५२ मध्ये चाचणी जिंकलेल्या मल्लाची पात्रता एका प्राचार्याच्या घराच्या कागदपत्रांवर अवलंबून होती. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्याच स्पर्धेत केशव माणगावे यांनी फेदरवेट गटात चौथे स्थान पटकावले.

संघटना, शिबिर आणि गादी

यानंतरच्या काळात संघटनात्मक चौकट उभी राहिली. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ मध्ये स्थापन झाली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. जिल्हा निवडचाचणीतून मल्ल राज्य अधिवेशनाला येतो, माती आणि गादी अशा दोन विभागांत लढती होतात व दोन्ही विभागांतील विजेते किताबासाठी भिडतात, ही आजची पद्धत जुन्या आणि नव्या कुस्तीमधील तडजोडच आहे. राष्ट्रीय पातळीवर भारतीय कुस्ती महासंघ १९६७ मध्ये अस्तित्वात आला. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेमुळे शिबिरपद्धती रुजली. साधारणपणे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतील पदकविजेते, आंतरराष्ट्रीय पदकप्राप्त मल्ल आणि राष्ट्रीय शिबिरातील मल्ल यांनाच निवडचाचणीत प्रवेश मिळतो; कोणत्या चाचणीस कोण पात्र हे महासंघ परिपत्रकाद्वारे कळवितो. म्हणजेच चाचणीच्या आधी एक अदृश्य चाचणी असते. तालमीतला कितीही बलवान पठ्ठ्या थेट दिल्लीत जाऊन दंड थोपटू शकत नाही.

कोट्याचा पेच

खरा पेच निर्माण झाला तो ऑलिंपिकमध्ये प्रत्येक वजनगटातील प्रवेश मर्यादित झाल्यावर. पॅरिस २०२४ साठी प्रत्येक गटात १६ मल्ल होते. त्यांतील पाच जागा २०२३ च्या जागतिक स्पर्धेतून, आठ जागा चार खंडीय स्पर्धांतून आणि तीन जागा अखेरच्या जागतिक पात्रता स्पर्धेतून भरल्या गेल्या. एका गटात एका देशाचा एकच मल्ल. येथे एक बारीक पण निर्णायक मुद्दा आहे : मल्ल कोटा जिंकतो, परंतु तो कोटा त्याच्या देशाच्या ऑलिंपिक समितीच्या मालकीचा होतो. तेव्हा कोटा मिळविणाऱ्यालाच पाठवायचे की पुन्हा चाचणी घ्यायची, हे ठरविणे देशाच्या हाती उरते. अमेरिकेत हा प्रश्न ऑलिंपिक चाचणीतील तीन लढतींच्या अंतिम मालिकेने सोडविला जातो. कोटा कोणी आणला याला तेथे निर्णायक महत्त्व नाही. भारतात अशी कायमची रीत ठरली नाही आणि प्रत्येक ऑलिंपिकपूर्वी तोच वाद नव्याने उद्भवला.

२०१६ चे प्रकरण महाराष्ट्राला विशेष जवळचे आहे. २०११, २०१२ व २०१३ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून भारताला कोटा मिळवून दिला. दुसरीकडे सुशील कुमार हे २००८ चे कांस्य आणि २०१२ चे रौप्यपदक विजेते. मात्र त्यांची ही दोन्ही पदके ६६ किलो गटातील. आंतरराष्ट्रीय महासंघाने वजनगटांची फेररचना केल्याने तो गट ऑलिंपिकमधून गेला आणि सुशील ७४ किलोत आले. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदकानंतर ते आंतरराष्ट्रीय आखाड्यात उतरले नव्हते. त्यांनी चाचणीची मागणी केली आणि ती नाकारली गेल्यावर दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. न्या. मनमोहन यांनी ६ जून २०१६ रोजी याचिका फेटाळली. खेळाडूंची निवड हा तज्ज्ञांचा विषय आहे, महासंघाचा निर्णय मनमानी असल्याखेरीज न्यायालय त्यात पडणार नाही, आणि स्पर्धा तोंडावर असताना चाचणी घेतल्यास निवडलेल्या मल्लाचीच हानी होऊ शकते, असा त्या निर्णयाचा आशय होता.

न्यायालयीन तर्क सुसंगत होता. परंतु खाशाबांच्या प्रकरणाशी त्याची तुलना केल्यास अंतर जाणवते. १९५२ मध्ये अपील ऐकणाऱ्याला आखाडा उघडता येत होता. २०१६ मध्ये न्यायालय केवळ प्रक्रिया तपासू शकत होते. पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. नरसिंग यांच्या नमुन्यांत बंदी असलेले द्रव्य आढळले. आपल्या आहारात कोणी तरी ते मिसळल्याचा त्यांचा दावा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने १ ऑगस्ट रोजी मान्य केला. क्रीडा लवादाने मात्र १८ ऑगस्ट २०१६ रोजी चार वर्षांची बंदी घातली. ७४ किलो गटात रिओ येथे भारताचा एकही मल्ल उतरला नाही.

सवलत आणि आव्हान

२०२३ मध्ये वादाचे स्वरूप उलटे झाले. ऑगस्ट २०२२ मधील महासंघाच्या ठरावानुसार सर्व वजनगटांत चाचणी अनिवार्य होती. परंतु ऑलिंपिक वा जागतिक पदकविजेत्यांसारख्या नामांकित मल्लांना प्रशिक्षकांच्या शिफारशीवरून चाचणीविना निवडण्याचा अधिकार निवड समितीने राखून ठेवला होता. महासंघाचा कारभार पाहणाऱ्या अस्थायी समितीने जुलै २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेसाठी बजरंग पुनिया (६५ किलो) व विनेश फोगाट (५३ किलो) यांना थेट प्रवेश दिला. दोघेही त्या वर्षी महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्धच्या आंदोलनात अग्रभागी होते व त्यांचा सराव खंडित झाला होता. त्यामुळे सवलतीला एक बाजू निश्चितच होती. पण २० वर्षांखालील जागतिक विजेती अंतिम पंघाल हिची बाजूही तितकीच साधी होती : मला लढू द्या. अंतिम आणि सुजित कलकल यांची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २२ जुलै २०२३ रोजी फेटाळली. अंतिमने राखीव जागेसाठीची चाचणी जिंकली. विनेश दुखापतीमुळे माघारी गेल्यावर ती हांगझोऊला गेली आणि कांस्यपदक घेऊन आली. बजरंग यांना तेथे पदक मिळाले नाही.

त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये बेलग्रेड येथील जागतिक स्पर्धेत, अंतिमने ५३ किलोचा कोटा मिळविला होता. महासंघ निलंबित असल्याने ती तेथे भारताच्या ध्वजाखाली लढूही शकली नव्हती. या एका कोट्याचे परिणाम दूरगामी ठरले. ११ मार्च २०२४ रोजी पतियाळा येथील चाचणीत विनेश ५० आणि ५३ अशा दोन्ही गटांत उतरल्या. ५३ किलोसाठी अखेरची चाचणी होईल याची लेखी हमी त्यांनी मागितल्याने लढती काही तास खोळंबल्या. ५३ किलोत त्या हरल्या, ५० किलोत शिवानी पवार हिला ११-६ ने हरवून विजयी झाल्या आणि त्या गटात त्यांनी बिश्केक येथे कोटा मिळविला. पॅरिसच्या अंतिम लढतीच्या सकाळी, ७ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले व त्या अपात्र ठरल्या. निवडचाचणीच्या नियमांतील संदिग्धता मल्लाला कोणत्या वजनात ढकलते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पुरुषांच्या ५७ किलो गटात त्या वेळी कोटा कोणाकडेच नव्हता. तेथे मार्च २०२४ मधील सोनिपतच्या चाचणीत टोकियोचे रौप्यपदक विजेते रवी दहिया मागे पडले आणि अमन सेहरावत पुढे गेला. त्याने मे महिन्यात इस्तंबूल येथे कोटा मिळविला व पॅरिसमध्ये कांस्यपदक. महासंघाने त्याच महिन्यात अखेरची चाचणी न घेता सहाही कोटाधारकांना पाठविण्याचे ठरविले होते. त्यांपैकी अंतिम ही जवळजवळ अकरा महिन्यांपूर्वीच्या कामगिरीच्या आधारे पॅरिसला गेली व पहिल्याच लढतीत १०-० अशी पराभूत झाली. अर्थात, या दोन निकालांवरून कोणती पद्धत श्रेष्ठ हे सिद्ध होत नाही. दुखापत, तयारी, मनःस्थिती अशी अनेक कारणे असतात. सिद्ध होते ते इतकेच की, एकाच संघातील मल्ल वेगवेगळ्या कसोट्यांवर निवडले गेले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमात क्रीडाविषयक तंट्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे आणि अशा तंट्यांत दिवाणी न्यायालयांचा अधिकार वगळण्यात आला आहे. कोटाधारकाने चाचणी द्यावी की नाही, हे ठरविण्याचे काम मात्र पूर्वीप्रमाणे महासंघाकडेच राहिले आहे.