करमुक्ती आणि जीर्णोद्धार : एका जुन्या नात्याचा इतिहास

कोल्हापूरच्या शुक्रवार दरवाजाजवळील जैन मंदिरापाशी शके १०६५ चा एक शिलालेख आढळला. त्याची लिपी जुनी कन्नड, भाषा मात्र संस्कृत. किलहॉर्न या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तिसऱ्या खंडात तो प्रसिद्ध केला, तेव्हापासून शिलाहारांच्या इतिहासाचे एक साधन म्हणून अभ्यासक त्याकडे पाहत आले आहेत. सार्वजनिक न्यासाचे विश्वस्तपत्र म्हणून तो वाचला, तर त्यातून वेगळेच काही हाती लागते.

शिलाहार राजा विजयादित्य वळवडच्या मुक्कामी असताना माघ पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्याने हे दान दिले. ते साल इ. स. ११४३. सामंत कामदेवाच्या आश्रयातील वासुदेव नावाच्या श्रावकाने ‘हाविन हेरिलगे’ येथे भगवान पार्श्वनाथांची बस्ती उभारली होती. हे गाव म्हणजे हुपरीच्याच हातकणंगले तालुक्यातील हेर्ले, असे अभ्यासक मानतात. दान काही मोठे नव्हे. पाव निवर्तन शेत आणि बारा हातांचे एक घर, एवढेच. मात्र दान कशासाठी, हे लेखात नि:संदिग्धपणे सांगितले आहे : देवाची अष्टविध अर्चना, बस्तीच्या मोडल्या-फुटल्या भागाची दुरुस्ती आणि तेथे राहणाऱ्या मुनींना आहारदान. ही मिळकत सर्व करांपासून व उपद्रवांपासून मुक्त करून कोल्हापूरच्या रूपनारायण बस्तीतील माघनंदी सिद्धांतदेवांचे शिष्य माणिक्यनंदी पंडित यांच्या हाती सोपविण्यात आली. दाता, मिळकत, उद्देश, विश्वस्त आणि करमुक्ती या आजच्या विश्वस्तपत्रातील पाचही गोष्टी त्या एका दगडावर आहेत. कागलजवळच्या बामणी येथील शके १०७३ च्या लेखातही याच राजाने पार्श्वनाथ बस्तीला दिलेल्या दानाची अशीच नोंद आहे.

या प्रकारच्या दानलेखांत दुरुस्तीसाठी ‘खंडस्फुटित-जीर्णोद्धार’ हा ठरीव शब्दप्रयोग येतो. खंड म्हणजे तुटलेले, स्फुटित म्हणजे तडकलेले, जीर्ण म्हणजे काळाने झिजलेले. जे आहे ते सावरून धरणे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. आज ‘जीर्णोद्धार’ या शब्दाचा जो अर्थ रूढ झाला आहे, म्हणजे जुनी वास्तू पायापासून उतरवून तेथे संगमरवरी नवी वास्तू उभी करणे, तो या शब्दात कोठेही नाही.

राजाने कर सोडला याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. जो वाटा राज्याच्या कोठारात जावयाचा, तो बस्तीकडे वळविला गेला. तो वाटा साऱ्या प्रजेचा होता, म्हणून त्या बस्तीच्या भिंती सावरण्यात शिवभक्त शेतकऱ्याचाही अप्रत्यक्ष हातभार होता. करमुक्ती ही संस्थेला मिळालेली बक्षिसी नसून तिच्या कामात सर्व समाजाने घातलेली भर आहे, हे तत्त्व आठशे ऐंशी वर्षांपूर्वीही खरे होते आणि आजच्या आयकर कायद्याचाही तोच पाया आहे.

इंग्रजी अमलात आयकर प्रथम १८६० मध्ये आला. १८८६ च्या कायद्याने केवळ धार्मिक वा सार्वजनिक धर्मादाय कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मिळकतीचे उत्पन्न करमुक्त ठेवले. १९२२ च्या कायद्याने ‘धर्मादाय उद्देश’ कशाला म्हणावे हे सांगितले : गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसाधारण लोकोपयोगाच्या अन्य कोणत्याही कार्याचे संवर्धन. या चौकटीत अन्नछत्र, पाठशाळा व दवाखाना सहज बसले. जुनी वास्तू, शिलालेख, ताडपत्रे, तलाव वा देवराई यांच्या जतनाचा नावाने उल्लेख मात्र कोठेही नव्हता. असे काम करू पाहणाऱ्यास शेवटच्या ‘अन्य लोकोपयोगा’च्या दारातूनच आत शिरावे लागे. हे दार रुंद होते खरे. लाहोरच्या ‘ट्रिब्यून’ वृत्तपत्राच्या न्यासालाही प्रिव्ही कौन्सिलने १९३९ मध्ये त्यातूनच आत घेतले. तथापि शेवटचे दार ते शेवटचेच.

स्वातंत्र्यानंतर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आला. पुढे त्याच्या नावातील ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला. या कायद्याने धर्मादाय आयुक्ताचे पद निर्माण केले, प्रत्येक सार्वजनिक न्यासाची नोंदणी व हिशेबतपासणी सक्तीची केली आणि स्थावर मिळकत विकण्यापूर्वी आयुक्तांची मंजुरी घेणे आवश्यक ठरविले. त्या काळी अनेक विश्वस्तांना हा हस्तक्षेप वाटला. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेले. १८ मार्च १९५४ रोजी न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी दिलेला निकाल आजही न्यासांच्या कायद्यातील मैलाचा दगड मानला जातो.

त्या निकालाने नोंदणी, हिशेबतपासणी आणि आयुक्तालयाच्या खर्चासाठी घेतली जाणारी वर्गणी या गोष्टी वैध ठरविल्या. वर्गणी हा कर नसून सेवेचे शुल्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. परंतु धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द झाली. दात्याचा मूळ धार्मिक उद्देश पार पाडणे शक्य असतानाही निधी दुसऱ्या कामाकडे वळविण्याचा अधिकारही घटनाबाह्य ठरला. देवासाठी दिलेले देवासाठीच, हे जैन समाजाचे जुने म्हणणे न्यायालयाने मान्य केले. या विजयाची दुसरी बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. दात्याचा उद्देश इतका पवित्र मानला गेला, की तो कागदावर कसा लिहिला आहे यालाच सर्व महत्त्व आले. अभिषेकासाठी दिलेली रक्कम शिलालेखाच्या छपरासाठी वापरता येत नाही. विश्वस्तपत्रात पूजा, उत्सव व आहारदान एवढेच लिहिले असेल, तर वासुदेवाच्या दानातील मधला उद्देश त्या न्यासाजवळ नाही असेच कायद्याला दिसते.

१९६१ च्या आयकर कायद्याने ही रेषा आणखी ठळक केली. धार्मिक न्यासाचे स्वत:चे उत्पन्न करमुक्त राहिले. परंतु १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेला धर्मादाय न्यास एखाद्याच धर्माच्या वा जातीच्या हितासाठी असेल, तर त्याला ती सूट नाकारली गेली. देणगीदाराला सवलत देणाऱ्या कलम ८०-जी मध्येही सर्वथा वा बहुतांशी धार्मिक असलेला उद्देश ‘धर्मादाय’ मानला गेला नाही. त्याच कलमात एक छोटी खिडकी उघडी होती. ऐतिहासिक, पुरातत्त्वीय वा कलात्मक महत्त्वाचे स्थान म्हणून किंवा राज्यभर ख्यातनाम असलेले पूजास्थान म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या मंदिर, मशीद, गुरुद्वारा वा चर्चच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीवर निम्मी वजावट मिळे. जी वास्तू पूजास्थान म्हणून सवलतीबाहेर होती, तीच वारसा म्हणून सवलतीच्या आत आली. अर्थात अधिसूचनेपर्यंत पोहोचणाऱ्या वास्तू थोड्या. खेडोपाडीच्या बस्त्यांना तो मार्ग कागदावरच राहिला.

परदेशातही हा प्रश्न हळूहळूच सुटला. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी एक संस्था काढली. तिचा रोख दुर्लक्षापेक्षाही अतिउत्साही दुरुस्तीवर होता. चर्चच्या जुन्या भिंती खरवडून नव्यासारख्या करणाऱ्यांना तिने विरोध केला. ऐतिहासिक स्थळांचे जतन हे धर्मादाय कार्य असल्याचे तेथील न्यायालयाने १९१६ मध्ये मान्य केले, पण कायद्याच्या यादीत वारसा व पर्यावरण यांना स्वतंत्र स्थान मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले.

भारतात ते स्थान २००९ मध्ये मिळाले, आणि तेही एका अडचणीतून. २००८ च्या वित्त अधिनियमाने ‘अन्य लोकोपयोगा’च्या संस्थांनी व्यापारी स्वरूपाचे काम केले वा त्यासाठी शुल्क घेतले, तर त्यांना धर्मादाय मानू नये असे ठरविले. धर्मादायाच्या नावाखाली धंदा करणाऱ्यांना चाप बसावा हा हेतू रास्त होता. परंतु जतनाचे काम करणाऱ्या संस्थाही त्याच शेवटच्या दारात उभ्या होत्या. संग्रहालयाचे तिकीट वा रोपवाटिकेतील रोपांची विक्री हादेखील व्यापार ठरू शकला असता. पुढच्याच वर्षी वित्त (क्रमांक २) अधिनियमाने व्याख्येत दोन स्वतंत्र उद्देश घातले : पाणलोट क्षेत्रे, वने व वन्यजीव यांच्यासह पर्यावरणाचे जतन, आणि कलात्मक वा ऐतिहासिक महत्त्वाची स्मारके, स्थाने व वस्तू यांचे जतन. शिक्षण व वैद्यकीय मदत यांच्या पंगतीला जतन बसले. संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून अमलाची तारीख ठरलेल्या नव्या आयकर कायद्यातही हे शब्द कायम आहेत.

पाणलोट आणि स्मारक एका वाक्यात आल्याचे दिल्लीत नवल वाटले असेल. दक्षिण महाराष्ट्राला वाटण्याचे कारण नव्हते. विजयादित्याचा पिता गंडरादित्य याने मिरज प्रांतातील इरुकुडी येथे गंडसमुद्र नावाचा तलाव बांधून त्याच्या काठी शंकर, बुद्ध आणि अर्हत अशी तिन्ही देवालये उभारल्याचे शके १०३२ च्या ताम्रपटात नमूद आहे. तलावाचे पाणी कोणत्या धर्माच्या शेताला मिळाले, हे त्या ताम्रपटाने विचारलेले नाही.

दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये स्तवनिधी येथे झाली. तिच्या संस्थापकांत असलेले आणि पुढे कोल्हापूरचे दिवाण व मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले अण्णासाहेब लठ्ठे यांच्या पिढीने दानाचा ओघ शिक्षणाकडे वळविला. वसतिगृहे उभी राहिली आणि शेतकऱ्यांची मुले शिकली. त्या पिढीपुढे निरक्षरतेचा प्रश्न होता, तुटलेल्या कोनाड्यांचा नव्हता, म्हणून तिला दोष देता येत नाही. परंतु वसतिगृहासाठी जसे स्वतंत्र न्यास निघाले, तसे बस्तीच्या जतनासाठी क्वचितच निघाले, आणि त्याचे परिणाम नंतरच्या काळात दिसले. गावात पैसा आला, भाविकांची श्रद्धा होतीच; शेकडो वर्षांच्या दगडी बस्त्या उतरविल्या गेल्या. खांब विहिरीच्या काठावर गेले, वीरगळ कपडे धुण्यास लागले, लेख असलेले दगड नव्या पायात गेले. हुपरीच्या चांदी कारखान्यात झाडलोटीची धूळसुद्धा फेकली जात नाही. तिच्यात चांदीचा कण असेल म्हणून ती जपून ठेवली जाते. बस्तीचा जुना दगड हलविताना ही सवय आड आली असती, तर किती लेख वाचले असते!

हे काम सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडून होणारे नाही. शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरासारखे स्मारक राष्ट्रीय संरक्षणाखाली येते. खेड्यातील लहान बस्ती, मानस्तंभ, बारव वा मठातील हस्तलिखितांचे बासन यांची काळजी गावातल्याच लोकांनी घ्यावी लागते. अशा स्थानिक मंडळांचे खर्च लहान असतात : छायाचित्रे, ठसे, गळक्या छपराची डागडुजी, बारवेतील गाळ काढणे. मंडळाचे दार सर्वांना उघडे असेल आणि जतन हा त्याचा लिखित उद्देश असेल, तर नोंदणी व मान्यता घेऊन देणगीदाराला करसवलतही मिळवून देता येते. रोख देणगी दोन हजार रुपयांपेक्षा अधिक असल्यास तिच्यावर सवलत मिळत नाही, हा २०१७ पासूनचा नियमही पावतीपुस्तक छापताना ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पन्नास वर्षांपूर्वीची विश्वस्तपत्रे बहुधा एखाद्या वकिलाच्या ठरीव नमुन्यावरून झाली. त्यांत पूजा आहे, उत्सव आहे, मुनिसंघाची व्यवस्था आहे, विद्यार्थ्यांना मदत आहे. हेर्ल्याच्या वासुदेवाने ज्यासाठी पाव निवर्तन जमीन मिळविली, त्या डागडुजीचे कलम किती न्यासांच्या कागदांत आहे, हे ज्याच्या त्याच्या दप्तरात उघडून पाहता येते.