स्टॉक्टनच्या आरोग्याधिकाऱ्याचे आंकडे

अस्सल साधन म्हटलें कीं संशोधकास सनदा, महजर व शिलालेख आठवतात. नगरपालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याची टिपणें त्या पंक्तीस बसविण्यास सहसा कोणी धजत नाहीं. तथापि असल्या रुक्ष कागदांची योग्यता काय, हें इंग्लंडांतील एका उदाहरणावरून दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

डरहॅम परगण्यांत टीज नदीच्या कांठीं स्टॉक्टन हें गांव आहे. जहाजबांधणी व लोखंडकाम हे तेथील मुख्य धंदे. पहिल्या महायुद्धानंतर ते बसले व बेकारी माजली. डॉ. मॅकगोनिगल हे १९२४ पासून तेथील आरोग्याधिकारी होते. १९२७ सालीं गलिच्छ वस्तींतील १५२ कुटुंबें, म्हणजे ७१० माणसें, माउंट प्लेझंट येथील नव्या घरांत नेण्यांत आलीं. तेथें न्हाणीघर, हवा व उजेड यांची सोय होती. रिव्हरसाइड भागांतील लोक मात्र जुन्याच घरांत राहिले.

वयोमानाचा फरक हिशेबांत घेऊन डॉक्टरांनीं मृत्युमान काढलें. स्थलांतरितांत १९२३–२७ मध्यें तें दरहजारीं २२.९१ होतें, १९२८–३२ मध्यें ३३.५५ झालें. उलट रिव्हरसाइडमध्यें तें २६.१० वरून २२.७८ वर उतरलें. साठ हजारांहून अधिक वस्तीच्या गांवाच्या सरासरींत हीं ७१० माणसें बुडून गेलीं असतीं. वस्तीवार नोंद होती म्हणूनच हा प्रकार उघडकीस आला.

घरेंच सदोष होतीं, असा पूर्वपक्ष कोणी करील. परंतु डॉक्टरांस घरांत वा सांडपाण्याच्या व्यवस्थेंत तसा दोष आढळला नाहीं. भेद होता तो भाड्याचा. नव्या घराचें भाडें जुन्याच्या जवळजवळ दुप्पट. मिळकत तीच, किंबहुना बेकारीनें घटलेली. तेव्हां कात्री लागली ती अन्नास. लोकसंख्या अल्प असल्यानें यदृच्छेस कांहीं वाव राहतो, हें आम्हांस मान्य आहे. तरीहि रिव्हरसाइडचा व्यतिरेक समोर असतां हें अनुमान सहजीं टाकून देतां येत नाहीं. डॉक्टरांनीं तें १९३३ सालीं विद्वानांपुढें मांडलें व १९३६ सालीं कर्बी यांच्यासह ग्रंथरूपानें विस्तारिलें.

घर सुधारलें म्हणजे आरोग्य सुधारलेंच, ही समजूत कांहीं कोष्टकांनीं डळमळविली. आपल्याकडील नगरपालिकांचे जुने आरोग्य-अहवाल ज्यांच्या हातीं येतील, त्यांनीं ते रद्दींत न घालतां पोथ्यांशेजारीं ठेवावे. ज्यांचें नांव कोणत्याहि बखरींत नाहीं, अशा माणसांच्या जगण्यामरण्याची साक्ष त्यांतच मिळते.